पोचपावती

एन्डेल रान्नापनं हीउमा बेटावर
एकतीस वर्षं टपाल वाटलं.
समुद्र गोठला की बोटी बंद,
मग गाडी थेट बर्फावरून.
तिथले नियम त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितले,
हातात सुई टोचून घेता घेता,
जणू रोगी मीच होते:
पट्टा बांधायचा नाही,
बर्फ फुटला तर सुटता आलं पाहिजे.
हळू जा, नाहीतर जोरात.
मधल्या वेगाला खालचं पाणी लाट धरतं
आणि लाट बर्फ फोडते.

मी म्हटलं, आमचंही असंच आहे.

तार्तूत, नदीकडच्या खिडकीशी,
मी चरबीची पाकिटं करते.
केसाच्या रुंदीत हजार शेजारी शेजारी बसतील एवढी.
आत एकच मजकूर,
पेशी विसरून गेलेलं एक जनुक,
जे तिला "पुरे" म्हणायला शिकवतं.
बाकी सगळं पाकीटच.
रक्तात त्यानं कुणाच्या अध्यात ना मध्यात राहायचं,
ना धन, ना ऋण.
पेशीनं गिळलं, आंबट पिशवीत कोंडलं,
की तिथल्या तिथे भार धरायचा
आणि पिशवी फोडून बाहेर.
माशी शिंकते ती इथेच.
आधी फुटलं तर मजकूर रक्तात वाया,
उशीर झाला तर पेशी पचवून टाकते
पत्त्यासकट.

"शंभरातली किती सुटतात?"
दोन. चांगल्या दिवशी.
"आणि बाकीची?"
बरीचशी पेशीपर्यंतही जात नाहीत, यकृतातच अडकतात.
तुमची गाठ यकृतातच आहे, तेवढं एक बरं.
बोलून गेले आणि जीभ चावली.
"म्हणजे," तो म्हणाला, "आजारी टपाल कचेरीच आहे."

एका मार्चमध्ये त्याची गाडी बुडाली होती.
तो सुटला, थैली सुटली.
हेल्मीनं पत्रं चुलीवरच्या दोरीला वाळत घातली,
मोज्यांच्या शेजारी.
एक्केचाळीस.
चाळिसांचे पत्ते वाचता आले,
एकाची शाई समुद्रानं नेली.
ते अजून त्याच्या कपाटात आहे, बंद.
उघडून का नाही पाहिलंत?
"माझं नव्हतं."

तिसऱ्या मात्रेला ताप चढला.
शरीराला पाकिटाची ओळख पटली होती,
त्यानं नाक्यावर पहारा बसवला.
रात्रभर मी आकडे पाहत बसले.
तो ग्लानीत घरांची नावं घेत होता,
एकामागून एक, रस्त्याच्या क्रमानं,
आणि एका घराशी अडून
पुन्हा पहिल्यापासून.

जूनमध्ये सुईभर मांस काचेवर आलं.
मजकूर जिथे वाचला गेला
तिथे तपकिरी डाग उमटतो.
मी मोजले. पुन्हा मोजले.
यानीकाला मोजायला सांगितले, माझा आकडा न सांगता.
एका चौकटीत दोनशे पेशी.
सात तपकिरी.
गाठ होती तेवढीच होती.
अहवालात शब्द एकच लिहिता येतो: स्थिर.

काच मी त्याला दाखवली. नियमात बसत नाही.
चष्मा कपाळावर सरकवून
तो बराच वेळ वाकून राहिला.
"सातांनी सही केली म्हणायची."
हो.
"बाकीचे घरात नसतील."
त्यावर मी काय बोलणार?
मी दुर्बिणीचा दिवा मालवला,
पण त्याचा डोळा तिथेच.

बंदरापर्यंत मीच सोडायला निघाले.
कोरडं डांबर, दोन्हीकडे मोहरी,
पाणी गोठायला अजून सहा महिने.
त्यानं पट्टा बांधला नाही.
गाडी टिंग टिंग करत राहिली.
बांधा, मी दोनदा म्हणाले.
तिसऱ्यांदा नाही म्हणाले.
एका गावात शिरताना वेग उतरला,
काटा मधल्या आकड्यांवर रेंगाळला,
आणि न बोलता
त्यानं दाराची कडी धरली.